सोलापुरात यंत्रमागावर रात्रपाळी, दिवसा चार-पाच तासच झोप. तुटलेला धागा नजरेतून सुटतो. हळूहळू सवय होईल का?

नाही. सवय झाल्यासारखं वाटतं, पण लक्ष घसरतच जातं. जागेपणी मेंदूत झोप आणणारं रसायन, अ‍ॅडेनोसिन साठतं आणि ते झोपेतच ओसरतं. झोप अपुरी राहिली की डोळे उघडे असतानाही मेंदू काही सेकंद डुलकी घेतो. धागा सुटतो तो अशा वेळी. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या २००३ च्या प्रयोगात १४ दिवस रोज सहाच तास झोपलेल्यांचं लक्ष रात्रभर जागलेल्यांइतकं ढासळलं, आणि त्यांना स्वतःला ते फारसं जाणवलंही नाही. मला हेच सर्वांत धोक्याचं वाटतं; सकाळी पाळी सुटल्यावर कृपया गाडी स्वतः चालवू नका. आपल्याकडच्या उन्हात दिवसाची झोप तुटते, म्हणून खोली अंधारी करून घरी पोचताच झोपा, पाळीआधी आणखी थोडं पडा. मात्र सात तास झोपूनही पेंग येत असेल आणि घोरत असाल, तर डॉक्टरांना दाखवा.