पीआयटी रिपोर्टमध्ये 6 मीटरवर शंका: पाइल बाद करायचा का?

ठाणे खाडीलगतची साइट, वर मऊ गाळ, खाली बेसॉल्ट. 750 मिमी व्यासाचे, 18 मीटर लांबीचे बोअर्ड पाइल, म्हणजे जमिनीत भोक (बोअर) पाडून त्यात ओतलेले पायाचे काँक्रीट खांब. त्यातल्या एकाच्या पीआयटीमध्ये (डोक्यावर हातोडीने ठोकून पाइल अखंड आहे का ते बघायची चाचणी) 6 मीटरवर परावर्तन दिसलं, रिपोर्टवर 'शंकास्पद' शेरा आला आणि ठेकेदार म्हणतोय की लोड टेस्ट घेऊन विषय मिटवू. तुमचा प्रश्न मला असा समजला.

लोड टेस्टचं नंतर बघू. आधी त्या पाइलचं बोअरिंग रेकॉर्ड मागवा आणि केसिंग (बोअर ढासळू नये म्हणून वरच्या भागात घालायची आणि नंतर उपसून काढायची नळी) किती खोल उतरवलं होतं ते पाहा.

हातोडीच्या ठोक्याची लहर काँक्रीटमधून साधारण 4000 मीटर प्रति सेकंद वेगाने खाली जाते. जिथे पाइलचा छेद किंवा काँक्रीटची प्रत बदलते, तिथून तिचा काही भाग परत फिरतो. तळाहून यायला 9 मिलिसेकंद लागतात, 6 मीटरवरून 3. मशीनला बदल झाला एवढंच कळतं, कशामुळे झाला ते नाही. केसिंगचा व्यास खालच्या बोअरपेक्षा थोडा मोठा असतो. त्यामुळे केसिंग संपतं तिथे छेद खरोखरच कमी होतो आणि आलेखात ते हुबेहूब 'नेकिंग'सारखं, म्हणजे पाइल मध्येच बारीक झाल्यासारखं, दिसतं. गाळातल्या साइटवर असे कितीतरी पाइल उगाच बदनाम होतात.

म्हणून शेजारच्या पाइलचे आलेख त्याच्याशेजारी ठेवून बघा. तेवढंच केसिंग असलेल्या सगळ्यांत त्याच खोलीवर तोच उंचवटा असेल, तर चिंता नको. तंतोतंत 6.0 मीटरचा आग्रह मात्र धरू नका. वेग गृहीत धरलेला असतो, तो दहा टक्के इकडेतिकडे झाला की खोलीही तेवढीच सरकते.

फक्त याच पाइलमध्ये दिसत असेल तर प्रकरण गंभीर आहे, कारण खरं नेकिंगही बहुतेकदा तिथेच होतं. केसिंग उपसायला उशीर झाला, काँक्रीट घट्ट होऊ लागलं, की ते केसिंगबरोबर वर ओढलं जातं आणि बाजूचा गाळ आत शिरतो. इथे काँक्रीटच्या प्रत्येक गाडीची (ट्रान्झिट मिक्सरनिहाय) नोंद कामी येते. या व्यासाला मीटरमागे 0.44 घनमीटर काँक्रीट लागतं. प्रत्यक्षात नेहमी थोडं जास्तच जातं. एखाद्या टप्प्यात हिशेबापेक्षा कमी काँक्रीटमध्ये पातळी वर आली असेल, तर तिथे बोअर आवळला होता असं समजा. अशी नोंदच ठेवली नसेल, तर तेही लेखी मागून घ्या.

चाचणी पुन्हा घेताना पाइलचं डोकं चांगल्या काँक्रीटपर्यंत तोडलेलं हवं, ब्रेकरने सैल झालेले तुकडे काढलेले हवेत आणि भोवतीचं पीसीसी (बिनसळईचं काँक्रीट) पाइलला चिकटलेलं नको. आयएस 14893 प्रमाणे काँक्रीटला 14 दिवस झालेले असावेत.

आता लोड टेस्ट. प्रत्यक्ष कामातल्या पाइलवरच्या रुटीन टेस्टमध्ये डिझाइन भाराच्या दीडपट भार देतात. वरच्या मऊ गाळात घर्षण नगण्य, त्यामुळे पाइलने तो भार घेतला तर तो 6 मीटरच्या पलीकडे पोचतोय, एवढं नक्की. पण तिथे सळया गाळात उघड्या पडल्या असतील, तर खाडीच्या खाऱ्या पाण्यात पुढे त्यांचं काय होणार, हे ती टेस्ट सांगत नाही. भूकंपाच्या आडव्या भाराबद्दलही नाही. कोअर (पाइलमध्ये उभं छिद्र पाडून काढलेला काँक्रीटचा नमुना) घेता येईल, पण तो मधूनच जातो. कडेचं नेकिंग त्यात हुकू शकतं. क्रॉसहोल सोनिकसाठी (एका नळीतून दुसरीत ध्वनिलहर पाठवून मधलं काँक्रीट तपासायची चाचणी) सळयांच्या पिंजऱ्यात आधीच नळ्या लागतात, त्यामुळे या पाइलपुरता तो मार्ग बंद. उरलेल्यांपैकी काहींत तीन-तीन लोखंडी नळ्या टाकून घ्या. पीव्हीसी काँक्रीटपासून सुटते आणि सिग्नल जातो.

आणखी एक, तळाकडेही बघा. खडकात नीट बसलेल्या पाइलचा तळाचा प्रतिध्वनी मंद असतो, कधी दिसतही नाही. तो आलेखात ठोक्याच्या उंचवट्याच्याच दिशेने ठळक दिसत असेल, तर तळाशी गाळ राहिल्याचा संशय घ्या. मला 6 मीटरच्या उंचवट्यापेक्षा त्याची भीती जास्त वाटते.

शेजारच्या चार-पाच पाइलचे आलेख आणि काँक्रीटची नोंद इथे टाका, मग कॅपमध्ये (पाइलची डोकी एकत्र बांधणाऱ्या काँक्रीटच्या ठोकळ्यात) जादा पाइल घ्यायचा का यावर बोलू.