पोशाखापलीकडची परंपरा

प्रश्न : चीनमधील तरुण-तरुणी हानफू हा जुना पोशाख घालून फिरताना दिसतात. एवढ्याने परंपरा टिकते का? आमच्या पेठेतील मर्दानी खेळाच्या आखाड्यात नवी मुले येईनाशी झाली आहेत, म्हणून विचारतो.
– एक वाचक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : पोशाखामुळे ओढ निर्माण होते आणि तिला कमी लेखू नये, परंतु कला टिकते ती पिढीजात शिकवणुकीने. चीनमधील सुचौ शहराच्या परिसरातील कुन्छू या संगीतनाट्याचा युनेस्कोने २००१ मध्ये गौरव केला, तरीही तरुण प्रेक्षक त्यापासून दूरच होता. लेखक पाय श्येन-युंग यांनी सोळाव्या शतकातील ‘पिअनी पॅव्हिलियन’ हे नाटक २००४ मध्ये नव्याने रंगमंचावर आणले, तेव्हा प्रमुख भूमिकांसाठी तरुण कलावंत निवडले आणि त्यांना ज्येष्ठ नटांच्या हाती सोपवले. या कलावंतांनी गुरूंपुढे गुडघे टेकून रीतसर शिष्यत्व पत्करले. लांब शुभ्र बाह्या मनगटाच्या झटक्याने फेकून पुन्हा अलगद गोळा करण्यासारख्या हालचाली त्यांना कसून घोटाव्या लागल्या. तीन भागांचा, सुमारे नऊ तासांचा हा प्रयोग पुढे विद्यापीठांत गेला आणि विद्यार्थ्यांनी तो मनापासून पाहिला. तरुणांना दीर्घ, अवघड गोष्टी नकोच असतात, हा समज मला म्हणूनच मान्य नाही.

आपल्या आखाड्याने केवळ मिरवणुकीतील प्रात्यक्षिकावर थांबू नये. वस्तादांना महाविद्यालयात सन्मानाने बोलवावे, दांडपट्टा प्रत्यक्ष मुलांच्या हाती द्यावा आणि मुलींसाठीही नियमित वर्ग सुरू करावा.