गोव्यात राहून उंटिणीच्या दुधातील स्निग्धकणांच्या प्रथिनांचा अभ्यास करता येईल का?

गोव्यात एम.एस्सी. करताना उंटिणीच्या दुधाच्या स्निग्धांशातील प्रथिनांवर प्रकल्प घ्यावा का आणि त्यासाठी बाजारात मिळणारी भुकटी चालेल का, असे तुम्ही विचारले आहे. प्रकल्प जरूर घ्या. भुकटी मात्र नको.

ही प्रथिने मेदात विरघळलेली नसतात, तर प्रत्येक स्निग्धकणाभोवतीच्या अतिशय पातळ पटलात बसलेली असतात. दुग्धग्रंथीच्या पेशीतून बाहेर पडताना कण त्या पेशीचेच आवरण अंगाभोवती लपेटून घेतो. त्यामुळे ब्युटिरोफिलिन, झँथिन ऑक्सिडोरिडक्टेज, लॅक्टाडेरिन यांसारखी पेशीतील प्रथिने दुधात उतरतात आणि कासेला धक्का न लावता ग्रंथीचा नमुना आपल्या हाती येतो. भुकटीसाठी दूध समांगीकृत केलेले (दाबाने स्निग्धकण फोडून बारीक केलेले) असेल, तर कण फुटून उघड्या पडलेल्या पृष्ठभागावर केसीन हे दुधातले मुख्य प्रथिन चिकटते. गोठवलेल्या दुधातही बर्फाचे स्फटिक पटल फाडतात.

त्यामुळे अडचण आहे ती अंतराची. बिकानेरला 1984 पासून राष्ट्रीय उंट संशोधन केंद्र आहे. मार्गदर्शकांमार्फत तिथे लिहून पाहा. दूध काढल्यावर लगेच तिथेच साय वेगळी करून धुवावी, पटल सुटे करावे आणि मगच ते गोठवून गोव्यात आणावे. या दुधातील कण लहान असतात आणि नुसते ठेवून साय नीट वर येत नाही, म्हणून सेंट्रिफ्यूज (वेगाने फिरवून घटक वेगळे करणारे यंत्र) लागतेच. पटल सुटे करण्यासाठी धुतलेली साय घुसळताना गायीच्या सायीपेक्षा ती थोडी उबदार ठेवावी लागते, नाहीतर लोणी धरत नाही. तुम्हाला हवे असलेले पटल बहुतांशी ताकात उतरते. हात बसेपर्यंत डिचोली-सत्तरीकडच्या गोठ्यातील ताज्या म्हशीच्या दुधावर सराव करायला हरकत नाही.

धुण्याच्या बाबतीत मात्र फार हौस नको. कमी धुतले तर केसीन राहते, जास्त धुतले तर लॅक्टाडेरिनसारखी सैल बसलेली प्रथिने वाहून जातात. गायीच्या दुधात निवळीतील (दूध फाटल्यावर सुटणाऱ्या पाण्यातील) प्रथिने किती उरली हे त्यांपैकीच एक असलेल्या बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनवरून ताडता येते, पण उंटिणीच्या दुधात ते नसतेच, म्हणून इथे निवळीतल्याच अल्फा-लॅक्टाल्ब्युमिनवर लक्ष ठेवावे. ट्रिप्सिन या विकराने तोडलेले प्रथिनांचे तुकडे, म्हणजे पेप्टाइड, मास स्पेक्ट्रोमीटरवर (रेणूंचे वस्तुमान मोजणाऱ्या उपकरणावर) तपासून घेतल्यावर जुळणी उंटाच्या प्रथिनांच्या माहितीसंचाशी करावी, पण गायीचा संचही सोबत ठेवावा. बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनचे खात्रीलायक पेप्टाइड सापडलेच, तर आधी उपकरणात मागच्या नमुन्याचा अंश राहिला नाही ना हे पाहावे आणि मग दुधात गायीचे दूध मिसळले गेले का, याची दूध पुरवणाऱ्याकडे चौकशी करावी.