अक्ष नऊ, पण पकडी किती?

प्रश्न : आमच्याकडे दोन सीएनसी लेथ आणि एक व्हीएमसी (उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन) आहे. मुख्य जॉब म्हणजे एका टोकाला ६० मि.मी. व्यासाचा फ्लँज असलेला स्टीलचा शाफ्ट. दोन्ही बाजूंनी टर्निंग, फ्लँजच्या फेसवर पीसीडीत (एकाच वर्तुळावर) सहा होल, दांड्यावर कीवे (चावीची खाच), समोरासमोर दोन फ्लॅट आणि एक आरपार क्रॉस होल. कीवे आणि क्रॉस होलचं एकमेकांशी नातं ड्रॉइंगवर ०.०५ मि.मी. मध्ये मागितलं आहे आणि नेमके तिथेच जॉब रिजेक्ट होतात. लॉट लहान असतात. टर्न-मिलची (टर्निंग आणि मिलिंग दोन्ही करणाऱ्या मशीनची) तीन कोटेशन हातात आहेत : पहिलं, सी अक्ष (स्पिंडल हव्या त्या कोनात फिरवणारा) आणि लाइव्ह टूल (स्वतः फिरणारं टूल), दुसरं, त्यावर वाय अक्ष (टूल सेंटरच्या बाजूला सरकवणारा) आणि सब-स्पिंडल (जॉब दुसऱ्या टोकाने धरणारा समोरचा स्पिंडल), टरेट (टूलं धरणारी फिरती चकती) मात्र एकच, तिसरं, बी अक्षाचं (तिरपं होऊ शकणारं) मिलिंग हेड आणि टूल मॅगझिन असलेलं ‘नऊ अक्षांचं’ मशीन. विक्रेते म्हणतात सायकल टाइम निम्म्यावर येईल. काय बघून ठरवायचं?

उत्तर : कोटेशनवरचा अक्षांचा आकडा तूर्त झाकून ठेवा. सब-स्पिंडलची सरक, त्याचा सी, स्टेडी, टेलस्टॉक असं सगळं मोजलं की नऊ सहज भरतात. त्यातले एकाच वेळी किती इंटरपोलेट होतात (एकमेकांशी जुळवून हलतात) हे विचारलं तर उत्तर बहुतेक वेळा बरंच खाली येतं. तुम्ही आधी आजच्या रूटमधल्या पकडी मोजा, म्हणजे जॉब किती वेळा नव्याने धरावा लागतो ते. लेथवर दोन, व्हीएमसीवर निदान दोन, आणि प्रत्येक वेळी ऑपरेटर जॉब पुसून, टेकवून, डायल (सूक्ष्म फरक दाखवणारं काट्याचं घड्याळ) लावून पुन्हा शून्य शोधतो. तुमचा ०.०५ तिथे जातो. मशीन बिघडलं म्हणून तो जात नाही. कीवे एका पकडीत आणि क्रॉस होल दुसऱ्या पकडीत होतं म्हणून जातो.

आता तिन्ही मशीनवर तुमचा जॉब मनातल्या मनात चालवून बघा. कीवे आणि क्रॉस होल दोन्ही दांड्यावरच आहेत, म्हणजे पहिल्या मशीनवरही ते एकाच पकडीत होतात आणि रिजेक्शनचं मुख्य कारण तिथेच संपतं. हे विक्रेता सांगणार नाही, कारण त्याला तिसरं विकायचं आहे. पण पहिल्यात वाय नाही, त्यामुळे कीवेची रुंदी पूर्णपणे कटरच्या मापावर अवलंबून राहील आणि कटर झिजला की रुंदीही गेली. फ्लॅट कटरच्या व्यासापेक्षा रुंद असेल तर तोही अडतो. शिवाय फ्लँजचा फेस दुसऱ्या बाजूला येतो. त्या सहा होलांचं कीवेशी कोनात नातं असेल तर हाताने जॉब उलटवल्यावर ते पुन्हा शोधावं लागेल. सब-स्पिंडल दोन्ही स्पिंडलची फेज जुळवून जॉब घेतो, म्हणून कोन तसाच पुढे जातो. तिसऱ्या मशीनचं बी हेड तिरप्या होलांसाठी, तिरप्या फेससाठी, किंवा टरेटवर मावणार नाहीत इतकी टूलं लागतात तेव्हा खरं उपयोगी. तुमच्या जॉबवर सगळं ० आणि ९० अंशांतच आहे. माझं मत दुसऱ्याकडे झुकतं.

सायकल टाइमचं म्हणाल तर दुसऱ्या मशीनला टरेट एकच आहे, हे विसरू नका. मुख्य स्पिंडलवर काम चालू असताना सब-स्पिंडल नुसता जॉब धरून बसतो, कारण त्याच्याकडे जायला टूलच मोकळं नाही. दोन्ही बाजूंच्या वेळांची बेरीजच होते. दोन टरेट असतील तरच जी बाजू लांब तिचा वेळ हा सायकल टाइम ठरतो, आणि तेव्हाही दोन्ही बाजूंचं काम साधारण सारखं वाटलेलं हवं. मिलिंगच्या मिनिटांत तर लेथचा स्पिंडल ब्रेक लावून उभाच असतो. तेव्हा ‘निम्म्यावर’ हा शब्द लेखी मागा आणि ऑपरेशनवार मिनिटं लिहून घ्या. तुमचा फायदा मिनिटांपेक्षा मधल्या थांबण्यात आहे : लेथवरून उतरलेला ट्रे व्हीएमसी रिकामं होईपर्यंत पडून राहतो, तो वेळ संपेल. छोट्या लॉटला तोच जास्त महाग पडतो.

वाय अक्षाबद्दल मात्र सविस्तर लिहितो, कारण मशीन बघायला जाणारे लोक त्याची फक्त स्ट्रोक विचारून परत येतात.

वाय दोन प्रकारे बनवतात. एकात वायची स्लाइड एक्सला (त्रिज्येच्या दिशेच्या अक्षाला) सरळ काटकोनात असते. दुसऱ्यात ती तिरपी बसवलेली असते आणि वायमध्ये सरळ जायचं तर एक्सही सोबत हलतो. दुसरा प्रकार वाईट असं नाही, चांगली मशीनं त्या पद्धतीने बनतात. पण तिथे प्रत्येक फ्लॅट हा दोन सर्व्होंचा (अक्ष हलवणाऱ्या मोटरींचा) मिळून निघतो, त्यामुळे एकाचीही ढिलाई फ्लॅटवर रेघांच्या रूपात दिसते. ट्रायलमध्ये फ्लॅट वायमध्ये फिरवून काढायला सांगा आणि त्यावर नख फिरवा, मग डायल.

दुसरी गोष्ट उष्णतेची. स्पिंडल तापला की हेडस्टॉक (स्पिंडल बसवलेला भाग) फुगतो आणि सेंटर सरकतं. समजा ते वायच्या दिशेने ०.०३ मि.मी. सरकलं. टर्निंगमध्ये ३० मि.मी. त्रिज्येवर याचा परिणाम मायक्रॉनच्या शंभराव्या भागाच्या आसपास, म्हणजे शून्यच. डायमीटर अगदी मापात येतो, ऑपरेटर खूश. त्याच वेळी कीवे मात्र पूर्ण ०.०३ ने बाजूला गेलेला असतो. म्हणूनच ‘आमचं मशीन दिवसभर दोन मायक्रॉनमध्ये राहतं’ हे डायमीटरवरून दिलेलं प्रशस्तिपत्र टर्न-मिलसाठी अपुरं आहे. लांबीतही तेच : स्टील दर मीटरला दर अंशाला सुमारे ११.५ मायक्रॉन वाढतं, म्हणजे अर्ध्या मीटरला पाच अंशांत २९ मायक्रॉनच्या आसपास. इथे निदान ऑफसेट देऊन निभावतं.

याची साधी तपासणी आहे. मी मशीन बघायला जातो तेव्हा खिशात ८ मि.मी.ची गेज पिन (नेमक्या व्यासाची पिन) ठेवतो. टर्न केलेल्या दांड्यावर रेडियल (सेंटरच्या दिशेने शिरणाऱ्या) लाइव्ह टूलने अर्ध्यापर्यंत ८ चं होल करायचं, रीमर मारायचा. सी १८० अंश फिरवून त्याच वायवर दुसरीकडून तेच. वायचं शून्य जेवढं चुकलं असेल त्याच्या दुप्पट पायरी मध्यावर पडते, आणि पिन तिथे अडकते. ना लेझर लागतो, ना अहवाल. सकाळी थंड मशीनवर एकदा करा, दोन तास जड टर्निंग झाल्यावर पुन्हा करा. दुसऱ्या वेळी विक्रेत्याचा माणूस पिनला हलकी टिचकी मारू लागला तर समजून जा.

सी अक्षाचा ब्रेकही बघा. डायल फ्लॅटवर टेकवून ब्रेक लावायचा आणि सोडायचा. काटा हलला, तर ब्रेक लावताना स्पिंडल फिरतो आहे. सी चं रिझोल्यूशन ०.००१ अंश लिहिलेलं असतं, पण ब्रेकमुळे ०.०१ अंश जरी सरकलं तरी ५० मि.मी. त्रिज्येवर जवळजवळ ९ मायक्रॉन होतात.

लाइव्ह टूलच्या मोटरचे किलोवॅट एकटे बघू नका, टॉर्कचा आलेख मागा. ९५५० गुणिले किलोवॅट भागिले आरपीएम, हे सूत्र तुम्हाला पाठ असेलच : ३.७ किलोवॅट ३००० आरपीएमला जेमतेम १२ न्यूटन-मीटर देते. त्यातही ते रेटिंग सतत चालण्याचं की थोड्या वेळाचं, हे बारीक अक्षरांत असतं. होल्डरचा कॉलेटही (टूलचा शँक, म्हणजे दांडा, आवळून धरणारा) तपासा. ईआर २५ मध्ये १६ मि.मी.पर्यंतच शँक बसतो, त्यामुळे २० चा एंड मिल मारू असं कोणी म्हणालं तर ईआर ३२ बसतो का ते विचारा. काही टरेटमध्ये कामातलंच टूल फिरतं, काहींत सगळीच लाइव्ह टूलं एकत्र फिरतात आणि तापतात.

अचूकतेचे आकडे कोणत्या मानकाने मोजले हे कोटेशनवर लिहून घ्या. आयएसओ २३०-२ आणि जुन्या जेआयएस पद्धतीचे आकडे शेजारी ठेवून तुलना करता येत नाही, जेआयएसचा आकडा सहसा लहान दिसतो. टर्निंग सेंटरच्या चाचण्यांसाठी आयएसओ १३०४१ आहे आणि त्याचा सहावा भाग तयार टेस्ट पीसबद्दल आहे. तरीही ट्रायल तुमच्याच जॉबवर, तुमच्याच मटेरियलवर घ्या. विक्रेत्याच्या शोरूममधला ॲल्युमिनियमचा बुद्धिबळाचा प्यादा सगळ्याच मशीनवर सुंदर निघतो.

इंटरफिअरन्सचा (काय कशाला आपटेल याचा) ड्रॉइंग मागायला विसरू नका. लांब बोरिंग बार शेजारच्या स्टेशनवर असेल तर टरेट फिरताना तो कुठे जातो, सब-स्पिंडल जवळ आल्यावर मुख्य चकपाशी रेडियल होल्डर शिरतो का, हे कागदावरच बघून घ्यावं. पोलर आणि सिलिंड्रिकल इंटरपोलेशन (सी आणि सरळ अक्ष जुळवून अनुक्रमे फेसवर आणि गोल पृष्ठावर कापणं), लाइव्ह टूलवरचं रिजिड टॅपिंग, हेलिकल, यांतलं काय किमतीत धरलं आहे आणि काय ‘ऑप्शन’ आहे त्याची यादी सही-शिक्क्यासह घ्या. तुमच्या कॅमसाठीचा पोस्ट-प्रोसेसर (कॅम सॉफ्टवेअरमधला मार्ग मशीनच्या प्रोग्रॅममध्ये बदलणारा) कोण देणार, हेही त्याच कागदावर. पोस्ट नसलेलं टर्न-मिल महिनोन्‌महिने साध्या लेथसारखं चालवलं जातं.

प्रश्न : माझ्याकडे सी अक्ष आणि लाइव्ह टूल आहे, वाय नाही. ५० मि.मी. व्यासावर ५ मि.मी. खोल आणि १० मि.मी. रुंद स्लॉट ८ च्या कटरने, सी थोडा पुढे-मागे फिरवून काढतो. वर माप मिळतं, खाली गेज जात नाही. कटर वाकतो का?

उत्तर : कटर निर्दोष आहे. वाय नसताना रेडियल कटरचा अक्ष नेहमी सेंटरमधूनच जातो. एक मि.मी. बाजूला जायला तुम्ही सी सुमारे २.३ अंश फिरवता, तेवढीच भिंत तिरपी होते. ५ मि.मी. खोलीत प्रत्येक बाजूला सुमारे ०.२ मि.मी. कमी, म्हणजे तळाशी ९.६ च्या आसपास. फीड कमी करून हे सुटणार नाही. स्लॉट फेसकडून उघडा असेल आणि त्याची लांबी कटरच्या फ्लूटमध्ये बसत असेल, तर अॅक्शियल लाइव्ह टूल (शाफ्टच्या लांबीच्या दिशेने तोंड असलेलं) आणि पोलर इंटरपोलेशन वापरा, भिंती समांतर मिळतील. फक्त कटरचा मार्ग सेंटरच्या अगदी जवळून नेऊ नका, तिथे सी ला फार वेगाने फिरावं लागतं आणि फीड कोलमडतो. स्लॉट बंद असेल तर ८ ने रफ करून १० च्या कटरने सेंटरवरून एकच फिनिश पास घ्या, आणि तो कटर दुसऱ्या कोणत्याही कामाला देऊ नका.