स्टिम्युलेटर बसवताय? लीडचा मॉडेल नंबर आधी हातात घ्या

तुम्ही लिहिलंय की आईंच्या कमरेची दोन ऑपरेशनं झाली, नसेवरचा दाब गेला असं डॉक्टर म्हणतात, तरी पायातली आग आणि रात्रीचे करंट काही थांबत नाहीत, आणि आता स्पायनल कॉर्ड स्टिम्युलेटरची (दुखणं दाबायला मणक्यात हलका करंट देणारं मशीन) ट्रायल सुचवलीय, तर करावी का. माझं अगदी हेच होतं हो, पायावरून चादर सरकली तरी सहन व्हायचं नाही. म्हणून सविस्तर लिहिते. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, आईंच्या डॉक्टरांचं म्हणणं माझ्यापेक्षा आधी धरा.

मशीन काय असतं ते डॉक्टरांनी सांगितलं असेलच, थोडक्यात, मणक्याच्या आत बारीक तारा घालतात, त्यांना लीड म्हणतात, आणि कातडीखालची बॅटरी त्यांतून करंट देते. ट्रायल म्हणजे कायमचं बसवण्याआधी लीड घालून, बॅटरी बाहेरच ठेवून काही दिवस बघणं. ट्रायल मात्र कराच. कोणी ट्रायल न करता थेट कायमचं बसवू म्हणालं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा, औषधं आणि उपकरणांवर लक्ष ठेवणाऱ्या अमेरिकेच्या एफडीए या सरकारी संस्थेनेसुद्धा २०२० मध्ये डॉक्टरांना पत्र काढून आधी ट्रायल घेण्याची आठवण करून दिली होती. आणि त्या दिवसांत आईंना पलंगावर झोपवून ठेवू नका. वाकणं, कंबर पिळणं, जड उचलणं टाळायचंच, कारण लीड सरकते, पण एरवी ज्याने दुखतं ते करून बघू दे, उभं राहणं, चालणं, खुर्चीत बसून राहणं. किती चालल्या, किती झोपल्या, गोळी किती वाजता लागली हे रोज लिहून ठेवा. दुखणं निदान निम्मं कमी व्हावं असा साधारण निकष असतो, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका, "बरं वाटतंय" असं आईवडील आपल्याला बरं वाटावं म्हणूनही म्हणतात.

एक गोष्ट कोणी आपणहून सांगत नाही म्हणून सांगते. २०२२ मध्ये नॉर्वेतला एक अभ्यास आला, कमरेच्या ऑपरेशननंतर पाय दुखणाऱ्या ५० पेशंटवरचा, सगळ्यांना मशीन बसवलेलं, आणि ते ठराविक पद्धतीने चालू ठेवलं काय किंवा बंद ठेवलं काय, रोजच्या कामांतल्या अडचणीत म्हणावा असा फरक दिसला नाही. तो एकाच प्रकारच्या करंटचा अभ्यास होता, आणि मला स्वतःला फरक पडलाय, मी आज बसून हे टाईप करतेय ते त्याच्यामुळेच असं मी मानते. पण तुम्ही हे धरूनच डॉक्टरांशी बोला, ते चिडले तर तेही कळेल.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. मशीन बसल्यानंतर काही काळाने माझी मान धरली आणि उजव्या हाताची बोटं कमजोर व्हायला लागली, न्यूरोवाल्यांनी तातडीने मानेचा एमआरआय सांगितला. एमआरआयवाल्यांनी विचारलं, बॅटरीचं मॉडेल कोणतं, लीडचं मॉडेल कोणतं, लांबी किती, टोक कितव्या मणक्यापाशी आहे. माझ्या डिस्चार्ज पेपरवर फक्त "स्टिम्युलेटर इम्प्लांट केला" एवढंच! मशीनसोबत मिळालेल्या कार्डावर बॅटरीचा नंबर होता, लीडचा नव्हता. आणि एमआरआय चालेल की नाही हे एकट्या बॅटरीवर ठरत नाही, बॅटरी, लीड, मध्ये जोड असेल तर तो, असं सगळं मिळून ठरतं, जुन्या लीडचा तुकडा आत राहिला असेल तरी नाही म्हणतात. ज्या हॉस्पिटलात बसवलं तिथल्या रेकॉर्ड विभागाने सांगितलं फाईल गोडाऊनला गेली, अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणे ऑपरेशन थिएटरला विचारा, थिएटरवाले म्हणे मॉडेल नंबरचे स्टिकर फाईलमध्येच असतात, कंपनीच्या माणसाला विचारा, तो माणूस नोकरी सोडून गेलेला. एका कागदासाठी मी दुखऱ्या पायाने खिडक्या झिजवत होते आणि बोटांतून पेन सुटत होतं, कोणालाही त्याचं काही वाटलं नाही, याचा राग आजही जात नाही. शेवटी एमआरआयऐवजी सीटी मायलोग्राम केला, म्हणजे पाठीत सुई घालून मणक्यात औषध सोडून काढतात तो सीटी स्कॅन. आणि त्यानंतर ते स्टिकर सापडले, कुठे, तर बिलिंगच्या फायलीत! माझं मॉडेल अटी पाळून एमआरआयला चालणारं होतं. बोटांची ताकद पूर्ण परत आली नाही, उशिरामुळेच असं छातीठोक म्हणत नाही, पण मनातून जात नाही.

म्हणून डिस्चार्ज घ्यायच्या आधीच, तिथे उभं राहून, सगळे स्टिकर आणि शेवटच्या एक्सरेची कॉपी मागा, फोटो काढून घरातल्या दोघांच्या फोनवर ठेवा. नंतर पाठवतो म्हणाले तर हलू नका. पुढे कधी एमआरआय ठरला तर आधी मशीनवाल्यांकडून इंपीडन्स, म्हणजे लीडमधून करंट नीट जातोय का ते, तपासून घ्या, लीडमध्ये कुठे तार तुटली असेल तर स्कॅन होत नाही, आणि बॅटरी चार्ज करून एमआरआय मोडवर, म्हणजे स्कॅनपुरत्या खास सेटिंगवर, टाकावी लागते.

अजून एक, फिजिओकडे डायथर्मीचा शेक (मशीनच्या लहरींनी शरीरात आतून उष्णता देतात तो) अजिबात नको, मशीन बंद असलं तरी नको, लीडच्या टोकाशी उष्णता होऊन इजा होऊ शकते. दर वेळी नव्या फिजिओला आईंनी स्वतः सांगितलं पाहिजे. करंट चालू असताना मुंग्या जाणवतात अशा प्रकारचं मशीन असेल तर उताणं झोपल्यावर मुंग्या एकदम वाढतात, घाबरू नका, रिमोटवर कमी करायच्या. चार्जिंगची बॅटरी घ्यायची की बिनचार्जिंगची हे आईंना विचारून ठरवा, चार्जर नीट जागेवर धरून बसणं सगळ्यांना जमत नाही, आणि बिनचार्जिंगची संपली की बदलायला परत छोटं ऑपरेशन लागतं.

आईंना रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का ते तुम्ही लिहिलं नाहीये. असतील तर ट्रायलच्या आधीच डॉक्टरांना सांगा, लीड मणक्याच्या आत घालतात आणि तिथे रक्त साचणं धोक्याचं असतं. गोळ्या आपल्या मनाने मात्र बंद करू नका, किती दिवस थांबवायच्या ते गोळी देणारे आणि ट्रायल करणारे या दोघांनी मिळून ठरवू दे.