पीएचपीबीबीचा कोड वाचायचा कोठून?

प्रश्न : मी मुलुंडला राहते आणि संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षात शिकते. आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभासदांसाठी पीएचपीबीबी हे चर्चामंच चालवण्याचे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर बसवले आहे. प्रत्येकाच्या नावाजवळ सदनिकेचा क्रमांक दिसावा, अशी सर्वांची इच्छा आहे. ते ज्या पीएचपी या संगणकभाषेत लिहिले आहे ती मला येते, पण एकेक फोल्डर उघडत गेले तसा गोंधळच वाढला. सुरुवात कोठून करावी?

उत्तर : फोल्डर ओळीने वाचून काढण्याचा नाद आधी सोडावा. मंचावर चर्चेचा एखादा विषय उघडल्यावर पडद्यावर जे दिसते ते कोणकोणत्या फाइलींतून आले, एवढाच माग काढावा. पत्त्यात दिसणारी व्ह्यूटॉपिक.पीएचपी ही फाइल सर्वांत वरच्या फोल्डरातच असते. ती प्रथम कॉमन.पीएचपी जोडून घेते, सत्र सुरू करते, सभासदाचे अधिकार तपासते, नोंदी, म्हणजे सभासदांनी लिहिलेले संदेश, डेटाबेसमधून आणते आणि प्रत्येक नोंद ‘पोस्टरो’ नावाच्या ब्लॉकमध्ये भरून टेम्प्लेटच्या, म्हणजे पानाच्या साच्याच्या, हवाली करते. स्टाइल्समधील प्रोसिल्व्हर या मूळ रूपाच्या टेम्प्लेट फोल्डरात व्ह्यूटॉपिक_बॉडी.एचटीएमएल उघडून ‘पोस्टरो’ हाच शब्द शोधला, की दोन्ही टोके जुळतात. फाइल लांबलचक आहे. पहिल्या वाचनात पुष्कळ भाग खुशाल गाळावा. नवी नोंद साठवण्याचा मार्ग पोस्टिंग.पीएचपीतून इन्क्लूड्समधील सबमिट_पोस्ट या फंक्शनकडे जातो.

तुमच्या गोंधळाचे खरे कारण मात्र या प्रकल्पाच्या वयात आहे. 2000 साली सुरू झालेल्या या सॉफ्टवेअरच्या 3.1 या आवृत्तीत, म्हणजे 2014 मध्ये, सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कचे घटक आणि एक्स्टेन्शनची, म्हणजे बाहेरून जोडायच्या पुरवणी-कोडची, व्यवस्था आली. पण जुने सारे पाडले गेले नाही. गिरगावात चाळीच्या मागेच नवा टॉवर उभा दिसावा, तसा हा प्रकार आहे. इन्क्लूड्समध्ये जुनी फंक्शने नांदतात, तर पीएचपीबीबी या फोल्डरात नव्या पद्धतीचे क्लास असतात. कंटेनरकडून, म्हणजे लागतील त्या वस्तू तयार करून देणाऱ्या भागाकडून, नाव घेऊन एखादी वस्तू मागवलेली दिसली, तर तिचा क्लास कोणता हे कॉन्फिगमधील वायएएमएल या मांडणीच्या फाइलींत सापडते.

मूळ फाइलींना हात लावू नये, कारण पुढच्या अद्ययावतीकरणात तो बदल पुसला जाईल. ईएक्सटी फोल्डरात स्वतःचे एक्स्टेन्शन ठेवावे आणि गाभ्यातून ठिकठिकाणी सोडल्या जाणाऱ्या इव्हेंटना, म्हणजे सूचनांना, त्यातून प्रतिसाद द्यावा. बदल दिसला नाही, तर आधी कॅशे, म्हणजे तात्पुरता साठा, रिकामी करावी.

आता सदनिकेच्या क्रमांकाविषयी. त्यासाठी कोड लिहिण्याची गरजच नाही. प्रशासकाच्या पॅनेलमध्ये प्रोफाइलसाठी जादा रकाना निर्माण करता येतो आणि तो विषयाच्या पानावर दाखवण्याची सोयही तेथेच आहे. तो रकाना तयार करावा आणि मग त्यातील मजकूर ‘पोस्टरो’पर्यंत कसा पोहोचतो, ते शोधावे. ही वाट व्ह्यूटॉपिक.पीएचपीतून प्रोफाइलफील्ड्सच्या मॅनेजर या नव्या क्लासकडे जाते. म्हणजे जुना आणि नवा असे दोन्ही भाग एकाच फेरीत वाचून होतील.