फायरवॉलवर वेब फिल्टर लावलाय, फायरफॉक्समध्ये यूट्यूब अडतं, पण क्रोममध्ये चालतं. असं का?

बहुधा क्रोम क्विक प्रोटोकॉल (टीसीपीऐवजी यूडीपीवरून चालणारा, एचटीटीपी/३ याच्यावरच चालतं) वापरतोय, म्हणून बाहेर जाणारं यूडीपी ४४३ (४४३ हा सुरक्षित वेबसाइटचा पोर्ट) बंद करून बघा. बरेच फिल्टर टीसीपी ४४३ वरच्या टीएलएस हँडशेकमधलं (सुरक्षित कनेक्शन जुळवतानाच्या सुरुवातीच्या देवाणघेवाणीतलं) साइटचं नाव, म्हणजे एसएनआय, वाचून ती अडवायची की सोडायची ते ठरवतात. एचटीटीपी/३ मात्र यूडीपीवरून जातं आणि अनेक फायरवॉल, विशेषतः जुन्या फर्मवेअरच्या, ते उलगडतच नाहीत. खात्री करायची तर ट्रॅफिक लॉगमध्ये त्या मशीनच्या आयपीसमोर पोर्ट ४४३ आणि प्रोटोकॉल १७ दिसतंय का ते पाहा. १७ म्हणजे यूडीपी. क्विक अडलं की ब्राउझर आपोआप टीसीपीवर येतो, त्यामुळे बाकीच्या साइट नेहमीसारख्या चालतात.

करताना दोन गोष्टी हमखास राहतात:
- हा नियम 'सगळं जाऊ द्या' या नियमाच्या वर हवा. नियम वरून खाली तपासले जातात, खाली ठेवलात तर त्याची पाळीच येणार नाही.
- आधीची चालू सेशन साफ करा. नाहीतर उघडा टॅब तसाच चालत राहतो आणि नियम लागलाच नाही असं वाटतं.

मात्र तुमचा फिल्टर फक्त डीएनएसवर (साइटच्या नावावरून आयपी पत्ता शोधणाऱ्या सेवेवर) चालत असेल तर याने फरक पडणार नाही. तिथे ब्राउझरचं 'सिक्युअर डीएनएस' (डीएनएसची विचारणा एन्क्रिप्ट करून पाठवणं, म्हणजे डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस) आड येत असतं. ते ग्रुप पॉलिसीने (विंडोजमध्ये अनेक मशीनवर एकदम सेटिंग लावायची सोय) बंद करा. टीसीपी ८५३ (डीएनएस ओव्हर टीएलएसचा पोर्ट) अडवून भागत नाही, कारण डीएनएस ओव्हर एचटीटीपीएस ४४३ वरूनच जातं.